एकाच वावराची माती, अर्धी कोरडी अर्धी ओली : प्रकल्प नोंदी

१४ मार्च

काम ठरलं ते असं. १२ मिमी प्लायवर ४ × ३ फुटांचं एकच चित्र. विषय मिरगाच्या पहिल्या सरीत अर्धं भिजलेलं वावर. धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे पाणी पडून गेलंय, पलीकडची ढेकळं अजून उन्हाळ्यातलीच. यवतमाळकडच्या काळ्या रानात जूनमध्ये हे कितीदा तरी दिसतं. बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं म्हणतात ते हेच.

अट एक: जमिनीचा रंग त्याच वावरातल्या मातीचा. ट्यूबमधला काळा किंवा अंबर (गडद तपकिरी रंग) जमिनीत घालायचा नाही. कोरडी बाजू सरसात (जनावरांच्या कातड्या-हाडांच्या गोंदात), ओली बाजू जवसाच्या तेलात.

तेलाला सगळ्यात जास्त वेळ लागतो म्हणून सुरुवात त्यानं. नवीन जवस निघालंय, लाकडी घाण्यावरचं कच्चं तेल १ लिटर आणलं. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' तेल घेतलं नाही. त्यात सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात आणि रंग आधीच तपकिरी असतो. ५ लिटरच्या काचेच्या बरणीत तेल १ लिटर, फिल्टरचं पाणी १ लिटर, मीठ २ मोठे चमचे, धुतलेली बारीक रेती पेलाभर. झाकण घट्ट लावून पाच मिनिटं घुसळलं आणि बरणी उन्हात ठेवली. उद्यापर्यंत तीन थर दिसतील: खाली रेती-पाणी, मध्ये पांढरट साय, वर तेल. ती मधली साय म्हणजे जवसाचा चिकटा. तो राहिला तर रंग उशिरा सुकतो आणि लवकर पिवळा पडतो. नळीनं वरचं तेल काढून घ्यायचं, नवीन पाणी, परत घुसळायचं. असं पाच वेळा.

२२ मार्च

वावरात तीन वेळा जाऊन नोंदी: सकाळी साडेसहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) उपटून झाल्यात, नांगरट झालीय, ढेकळं उघडी.

डोळा इथे फसवतो. 'काळी' हा शब्द डोक्यात असतो म्हणून हात काळ्या रंगाकडे जातो. राखाडी पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यातून पाहिलं तर बारा वाजताची कोरडी माती चक्क फिक्की आहे, शिळ्या राखेसारखी, किंचित तपकिरी. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा अशी पट्टी धरली तर कोरडं ढेकूळ ६ वर येतं. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं की ३. ढेकळाच्या खालची सावली २. म्हणजे कोरड्या आणि ओल्या मातीत पुरा तीन पायऱ्यांचा फरक, आणि चित्र उभं राहायचं ते याच फरकावर. झाडं, बैल, माणूस काही घालायचं नाही. धुऱ्यावरची एक बाभूळ सोडून.

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ढेकळांचा आकार छान कळतो पण रंग नारिंगी होतो. रेखाटनं संध्याकाळची ठेवली, रंगाच्या नोंदी दुपारच्या.

३ एप्रिल

माती आणली. वरचा वीतभर थर बाजूला केला, कारण त्यात पालापाचोळा, मुळं आणि खताचे क्षार असतात. क्षार राहिले तर सरसाच्या रंगावर पुढे बुरशीसारखं पांढरं फूल येतं. खालून ५ किलो घेतली. सोबत गावठाणातल्या पडक्या भिंतीची पांढरी माती २ किलो. जुन्या बोलण्यात शेतीला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात. चित्राला दोन्ही लागणार आहेत, का ते पुढे येईल.

काळी माती फोडून बादलीत भिजत घातली. दोन तासांत फुगून खिरीसारखी. चुनखडीचे खडे हाताला लागतात, ते वेचून टाकले.

५ एप्रिल

गाळणी. साधारण गेरू किंवा मुरूम धुताना रीत सोपी असते: ढवळा, खडे-रेती खाली बसू द्या, गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तास-दोन तासांत रंग तळाला बसतो. काळी माती ऐकत नाही. तिच्यातली चिकणमाती इतकी बारीक आहे की फिल्टरच्या मऊ पाण्यात ती दोन दिवस झाले तरी तरंगतेय.

विहिरीच्या जड पाण्यात ती पटकन गोळा होऊन खाली येते, पण तेव्हा बारीक रेतीही सोबत ओढून आणते. म्हणून मऊ पाण्यात वेगळी करायची आणि मग बसवायची. दहा मिनिटांनी वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं, मलमलच्या दुहेरी फडक्यातून. मग गावात पावसाळ्यात नदीचं पाणी निवळतात तसं: तुरटीचा खडा चार-पाच फेरे फिरवला. अर्ध्या तासात वर स्वच्छ पाणी, खाली काळा चिखल. तुरटी रंगात राहू द्यायची नाही, सरस तिच्यानं कडक आणि ठिसूळ होतो. दोन वेळा साधं पाणी घालून निथळून काढलं.

५ किलोतून वाळल्यावर १ किलो ९०० ग्रॅम हाती लागली.

९ एप्रिल

ताटात वाळवलेला थर पत्र्यासारखा वाकून फुटला, तुकडे काचेसारखे खळखळतात. पाट्यावर वरवंट्यानं कुटून खलात घोटली. दोन चिमटींत धरली की कण लागायला नको.

तेलात घोटायच्या आधी ही माती पूर्ण कोरडी हवी. उन्हात वाळली असं वाटलं तरी आत ओल धरून ठेवते, आणि ओल असली की तेलात घोटताना रबरासारखी ताणते. म्हणून तव्यावर मंद आचेवर वीस मिनिटं, सारखी हलवत.

दुसऱ्या घाण्याला आच जास्त झाली. कडेची माती तपकिरी, मग विटकरी झाली. मातीतला सेंद्रिय भाग जळाला आणि लोखंडाचा गंज उघडा पडला, आता ती परत काळी होत नाही. फेकली नाही. १५० ग्रॅम आहे, बाभळीच्या खोडाला आणि धुऱ्यावरच्या पायवाटेला पुरेल. अटही मोडत नाही.

१२ एप्रिल

चाचणी पट्ट्या. सहा इंची प्लायचे तुकडे, अस्तर (रंगाखालचा खडू-सरसाचा थर) लावलेले.

सरस ३ टक्के: रंग फिका, हुबेहूब मे महिन्यातलं ढेकूळ. पण कापसाचा बोळा फिरवला की माती बोळ्यावर येते.
सरस ५ टक्के: बोळ्यावर काही येत नाही. रंग अर्धी पायरी गडद. पातळ थरात ठीक, जाड थरात वावरासारख्याच भेगा.
सरस ८ टक्के: गडद, किंचित चमक, आणि पातळ थरालाही भेगा. कडेनं थर अस्तरासकट उचलला गेला.

भेगांचं कारण मातीच्या जातीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, सरसही आकसतो. दोघांनी एका दिशेनं ओढलं की अस्तर तग धरत नाही. तेल वाळताना असं आकसत नाही, पण तिथे निराळी कटकट (खाली).

यावर उपाय गावातल्या भिंतींवर आधीपासून आहे. घर सारवायला कोणी नुसती काळी माती घेत नाही. पांढरी घेतात, त्यात शेण आणि भुसा. पांढरी फुगत नाही, शेणातले तंतू धरून ठेवतात. अजिंठ्यातही चित्राखालचा मातीचा गिलावा भाताचं तूस आणि वनस्पतीचे तंतू घालूनच केलेला आहे, आणि रंग त्यावर कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवून दिलेत. तिथला काळा मात्र दिव्याच्या काजळीचा. काळी माती रंग म्हणून का वापरली नसेल ते या पट्ट्या पाहून लगेच कळतं. रंग म्हणून तिच्यात दम कमी आहे.

तंतू आपल्या थराला जाड पडतात. म्हणून नुसती पांढरी: काळी ३ भाग, पांढरी १ भाग, सरस ५ टक्के. भेगा गेल्या. रंग पुन्हा ६ वर आला, म्हणजे सरसानं जी अर्धी पायरी खाल्ली होती ती पांढरीनं परत दिली.

१३ एप्रिल

तेलातल्या पट्ट्या. काचेवर १०० ग्रॅम मातीला सुमारे ५५ मिली तेल लागलं, गेरूपेक्षा बरंच जास्त. मलरनं (रंग घोटायच्या काचेच्या बत्त्यानं) वीस मिनिटं घोटलं तेव्हा पोत आला.

रंग २ वर गेला. तांब्याभर पाण्यानं ३ येतो, तेलानं २. कारण तेच, फक्त मापात फरक. कोरड्या मातीत कणांच्या मध्ये हवा असते, उजेड प्रत्येक कणावर आपटून परत फिरतो, म्हणून माती फिकी दिसते. हवेच्या जागी पाणी आलं की उजेड फारसा अडत नाही, आत शिरतो आणि तिथेच जिरतो. तेल पाण्याहून मातीच्या जास्त जवळचं आहे (अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळतो त्याचं माप: हवा १, पाणी १.३३, जवसाचं तेल १.४८, चिकणमाती १.५ ते १.५५), म्हणून माती आणखी गडद. तेलात घोटलेली माती म्हणजे कधीच न वाळणारं ओलं वावर. या चित्राचं बीज एवढंच आहे, बाकी सगळी हमाली.

एक पायरी वर आणायला पांढरी माती घालून पाहिली. काही उपयोग नाही. खडू पावडर घातली, तीही तेलात गेली की पांढरी राहत नाही, काचेला लावायच्या लांबीसारखी मळकट पारदर्शक होते. सरसात जो माल पांढरा, तोच तेलात मुका. शेवटी टायटॅनियम व्हाइट, १०० ग्रॅम मातीला ४ ग्रॅम. अपवर्तनांक २.७, त्याला तेल गिळू शकत नाही. रंग ३ वर.

जमिनीत ट्यूबचा रंग घालायचा नाही या अटीला इथे टाचणीएवढं भोक पडलं. काळा घातलेला नाही, एवढं समाधान.

२८ एप्रिल

प्लाय तयार. बीडब्ल्यूपी दर्जाचा (उकळत्या पाण्यातही टिकणारा), मागून सागवानी पट्ट्यांची चौकट. कॅनव्हास मुद्दाम टाळला: कापड हलतं, मातीचा थर हलत नाही.

सरस ७० ग्रॅम, पाणी १ लिटर, रात्रभर भिजत. सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम केला. उकळी येऊ द्यायची नाही, बोट सहन करेल त्याहून थोडा जास्त गरम, बस. उकळला की त्याची ताकद जाते आणि वास मारतो. दोन्ही अंगांना एकेक हात. एकाच अंगाला दिला तर फळी पापडासारखी वाकते.

३० एप्रिल ते ४ मे

अस्तर. वरच्याच सरसात खडू पावडर, लिटरला दीड किलो. पावडर वरून भुरभुरत टाकायची आणि आपोआप बुडू द्यायची. ढवळलं की बुडबुडे होतात आणि अस्तरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. तासभर झाकून ठेवलं. पहिला हात बोटांनी चोळून, पुढचे सहा ब्रशनं, एक उभा एक आडवा.

दोन गोष्टी बिघडल्या. पहिल्या दिवशी सकाळी दहाला काम चालू होतं, बाहेर ४४ अंश. हात फिरवून होईपर्यंत मागचा वाळत होता, आणि चौथ्या थराला केसाएवढ्या भेगा. कूलरचा झोत थेट फळीवर घेतला तर एक बाजू ओली एक कोरडी, आणखी वाईट. ते चार थर ओल्या फडक्यानं धुऊन काढले. पुन्हा पहाटे साडेचार ते सात या वेळात, दिवसाला दोनच थर. दुसरं, उरलेला सरस या उकाड्यात दुसऱ्या दिवशी पातळ होऊन नासतो. थोडाच करायचा, लवंगाच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे.

शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं, मग ४००. नखावर फिरवलेल्या नखासारखं लागलं की थांबायचं.

११ मे

तेल धुऊन झालं. पाचव्या वेळी मधली साय जवळजवळ नाही. स्टीलच्या परातीत बोटभर उंचीनं ओतून वर काच, कडेनं हवा जायला काड्या. या उन्हात आठ दिवसांत मधाइतकं दाट होईल; रोज काडीनं हलवायचं, नाहीतर वर साय धरते.

चिंध्यांची ताकीद भिंतीवर लिहून लावली: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. तेल सुकताना गरमी सोडतं, गोळा झालेल्या चिंध्या स्वतःहून पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवायच्या.

१९ मे

आखणी. क्षितिज वरून ९ इंचांवर, म्हणजे तीन चतुर्थांश चित्र जमीनच. धुरा डावीकडून उजवीकडे तिरपा चढतो. वखराच्या पाळीच्या रेषा आधी पट्टीनं मारल्या आणि पुसल्या. पट्टीच्या रेषेवर वावर दिसत नाही, आखीव वही दिसते. बैल कधीच सरळ चालत नाही. सुताला कोळसा लावून, दोन टोकं सैल धरून झटकलं. सूत थोडं लवतं, रेषेला बाक येतो.

२२ ते २९ मे

कोरडी बाजू. ३:१ माती, ५ टक्के सरस, कोमट. पाच पातळ थर. ढेकळं ब्रशनं काढली नाहीत. तिसरा थर अर्धवट ओला असताना जाड गोणपाटाचा तुकडा दाबून उचलला, मग टोकदार काडीनं सावलीच्या फटी कोरल्या.

हा भाग पूर्ण मॅट आहे, कुठूनही पाहा, चमक नाही. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाच्या जुन्या पडद्यांवर असाच पृष्ठभाग दिसतो, सरसातली भुकटी, दिव्याखाली चकाकत नाही. मे महिन्याच्या दुपारला दुसरा कोणता रंग चालणार नाही.

८ जून

आभाळ. निळा न घालता. जवसाच्या तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली धरून काजळी जमवली, दोन रात्रीत चहाचे तीन चमचे. काजळी आणि टायटॅनियम व्हाइट मिसळलं की करडा निळसर दिसतो, आणि खाली मातीचा उबदार तपकिरी असल्यामुळे तो आणखीच निळा भासतो. ट्यूबमधला अल्ट्रामरीन शेजारी लावून पाहिला, पोस्टकार्ड वाटलं.

काजळी सुकायला उशीर लावते. आभाळ पातळच ठेवलं.

१४ जून

ओली बाजू सुरू, आणि सगळ्यात मोठी चूक इथे झाली. धुऱ्याच्या कडेला तेलाचा रंग लावला, रात्रीत तेल कोरड्या बाजूच्या मातीत चढलं. दिव्याच्या वातीसारखं. सकाळी धुऱ्यापलीकडे दीड इंच काळपट पट्टा.

तेल शिरलेली माती परत कोरडी दिसत नाही, ती खरवडून काढावी लागते. १४ इंच लांबीचा पट्टा अस्तरापर्यंत खरवडला, नवीन मातीचे थर दिले, वाळवले. मग कडेच्या दोन इंच पट्टीला नुसत्या सरसाचे (५ टक्के) तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. चपडा लाखेनं जास्त पक्कं बंद होतं, पण स्पिरिटमधली लाखही मातीला ओलं दाखवते, म्हणून ती फक्त धुऱ्याच्या ओल्या अंगाला.

१७ जून

बाहेर खराखुरा अर्धा पाऊस झाला, त्यामुळे कडा पाहता आली. ओल्या-कोरड्याची हद्द रेषेसारखी नसते. आधी पैशाएवढे सुटे थेंब, मग ते एकमेकांत मिसळलेले, मग सलग ओल. थेंबाभोवती मातीचा बारीक उंचवटा.

म्हणून सरसाची पट्टी सगळीकडे ठेवली नाही. सहा ठिकाणी ओल्या कापसानं सरस पुसून 'दार' उघडलं आणि ब्रशच्या टोकानं तेलाचा एकेक थेंब सोडला. तेल स्वतःच पसरतं, कडा विरते. १४ तारखेला जे नको होतं तेच, आता मोजून. थेंब जास्त पसरायला लागला की वर्तमानपत्राचा तुकडा दाबून जास्तीचं तेल ओढून घ्यायचं. कागदानं रंग उचलायची ही युक्ती गायतोंडेही वापरायचे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे जन्मानं नागपूरचे (१९२४), रोलर, सुरी आणि फाटक्या कागदांनी रंग लावत-काढत काम करायचे आणि वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण करायचे. त्यांच्या चित्रात वावर-बिवर काही नसतं. पण लावलेल्याइतकंच काढलेलंही चित्र असतं हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

सहातले चार थेंब बरे आले. दोन बटणासारखे गोल, ते खरवडले.

२६ जून ते ६ जुलै

ओली जमीन. सरसातल्या मातीचा थर खाली दिलेला नाही, अस्तरावर सरसाचा एक हात आणि थेट तेलाचा रंग. खाली फुगणारी माती आणि वर तेलाची कडक साल असं ठेवलं तर पावसाळी हवेत खालचा थर हलतो आणि वरचा फुटतो.

पुढच्या ढेकळाला उठाव यावा म्हणून एका जागी ३ मिमी जाड तेलरंग चढवला. चार दिवसांत वर साल धरली, आत मऊ, आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. काढून टाकला. उठाव अस्तरातच (खडू-सरस) करून घेतला, वर तेलाचा पातळ हात. ओल्या ढेकळाची चकाकी दाट तेलाच्या एका पुसट हातानं, फक्त आभाळाकडच्या अंगाला.

दमट हवेत पातळ थरालाही सुकायला नऊ-दहा दिवस लागतायत. फळी भिंतीला टेकवून ठेवली नव्हती म्हणून मागे बुरशी नाही. शेजारी टेकवलेल्या चाचणी पट्ट्यांवर आली.

२० जुलै

बाभूळ. खोड ९ एप्रिलच्या जळक्या मातीचं. उंची पाच इंच, काम दोन तासांचं. धुऱ्याच्या ज्या टोकाला ती आहे तिथेच डोळा आधी जातो. एक इंच डावीकडे असती तर बरं. आता राहू दे.

१२ ऑगस्ट

बोटाला तेल लागत नाही. पूर्ण वाळायला अजून सहा महिने.

वॉर्निश करायचं नाही, कुठल्याच बाजूला. कोरड्या बाजूवर वॉर्निशचा एक हात म्हणजे तिथेही पाऊस, आणि मग चित्र उरत नाही. ही बाजू ओल्या फडक्यानं पुसताही येत नाही, धूळ बसली की बसली. म्हणून काचेची फ्रेम, काच आणि चित्र यांच्यामध्ये ८ मिमीची लाकडी पट्टी. काच मातीला टेकली तर तिथे ओल धरते. मागचा पुठ्ठा स्क्रूनं, चिकटवून नाही. पॅकिंग करणाऱ्यासाठी मागे मोठ्या अक्षरात लिहिलं: डावी वरची बाजू फिकी आहे ती तशीच आहे, पुसू नये.

उरलेली काळी माती ६२० ग्रॅम, बरणीत, झाकण घट्ट.